सणाची भेट आणि रोजचे घर

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर वयोवृद्ध माणसे बहुधा स्वतःच्या घरात, नारळी-पोफळीच्या वाडीत किंवा कोळीवाड्यातल्या गल्लीत राहतात, आणि त्यांची मुले बहुधा मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे येथे किंवा परदेशात असतात. या दोन पत्त्यांमधल्या अंतरात एक प्रश्न वर्षानुवर्षे पडून राहतो: आई-वडिलांना घरी येऊन मदत करणारे माणूस नेमके केव्हा लागेल? बहुतेक कुटुंबांना त्याचे उत्तर उशिरा, म्हणजे खुब्याचे हाड मोडल्यावर किंवा गॅसवरचे दूध जळून घरभर धूर झाल्यावर, घाईघाईने शोधावे लागते. येथे ‘घरगुती शुश्रूषा’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. जखम बांधणे, इंजेक्शन देणे, लघवीची नळी सांभाळणे ही परिचारिकेची कामे तिच्यात येतातच. परंतु तिचा मोठा भाग अंघोळ घालणे, ताट वाढणे, गोळी वेळेवर देणे, हाताला धरून मोरीपर्यंत नेणे अशा, ज्यांना कोणी वैद्यकीय म्हणणार नाही अशा कामांनी भरलेला असतो. म्हणूनच ती केव्हा लागेल हे डॉक्टरांच्या फायलीतून क्वचितच कळते. रक्तातील साखर उत्तम काबूत असलेल्या गृहस्थांना दुपारचे जेवण स्वतः गरम करून घेता येत नसेल, तर त्यांना मदतीची गरज आहे. उलट हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि मूठभर गोळ्या घेणाऱ्या एखाद्या बाई वाडीचा हिशेब चोख ठेवत असतील, तर त्यांना कदाचित ती अजून नाही.

या किनाऱ्यावरचे वार्धक्य आकडेवारीत नीट दिसत नाही, याला एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६० वर्षांवरील लोकसंख्येचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के या सरासरीपेक्षा अधिक होते. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, आणि कामासाठी बाहेर पडलेल्या पुरुषांची रिकामी जागा त्या एका आकड्यातून वाचता येते. रायगडात मात्र हेच प्रमाण ९५९ होते, कारण १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात पनवेल-उरणचा औद्योगिक पट्टाही येतो आणि तेथे बाहेरून आलेल्या तरुण कामगारांची संख्या मोठी आहे. पनवेलच्या इमारती आणि श्रीवर्धनची पाखाडी यांची सरासरी काढली, की पाखाडीतल्या तीन घरांमागे एका घरात एकटी म्हातारी राहते की कसे, हे कोणालाच दिसत नाही.

दूर राहणाऱ्या मुलांना जे दिसत नाही त्याचे कारण मात्र वेगळे आहे. चाकरमानी गावी येतो तो गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत, आणि नेमक्या याच दिवसांत घर आपल्या रोजच्या रूपात नसते. गणपतीआधी शेजारची बाई येऊन जाळी-जळमटे काढून जाते, पुतणे ओटी रंगवतात, सुना आल्याबरोबर स्वयंपाकघर ताब्यात घेतात, आणि एरवी दोन्ही वेळा चहा-बटरवर भागवणाऱ्या आजी पाच दिवस पंगतीत बसून चार घास जास्तच जेवतात. माणसांच्या वर्दळीने वृद्धांना खरोखरच हुशारी येते. त्यात नाटक नसते, पण ती हुशारी पुरवून वापरलेली असते आणि पाहुणे परतले की दुसऱ्या दिवशी तीच व्यक्ती दिवसभर अंथरुणावर पडून राहते. दूरध्वनीवरचे ‘बरं आहे, तुम्ही काळजी करू नका’ हे उत्तरही असेच ऐकावे लागते. आपण अडचण सांगितली तर आपल्याला उचलून मुंबईच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये नेतील, तेथे ओटी नाही, ओळखीचे माणूस नाही, आणि वाडीला पाणी कोण लावणार, हा सगळा हिशेब त्या एका वाक्यामागे असतो. त्यामुळे सणाच्या चार दिवसांत पाहून आणि रविवारी फोनवर विचारून केलेला अंदाज चुकण्याचाच संभव अधिक. विचारायचे ते माणसाला थोडे आणि घराला जास्त, आणि तेही एखाद्या बिनसणाच्या मंगळवारी.

घराला काय विचारावे यासाठी वृद्धोपचारशास्त्रात, म्हणजे वृद्धांच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेत, दोन जुनी आणि अजूनही उपयोगी साधने आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांचा अभ्यास करताना सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत क्रियांची यादी प्रसिद्ध केली: अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. कॅट्झ यांना असे आढळले, की या क्रिया कशाही क्रमाने सुटत नाहीत. लहान मूल ज्या क्रमाने त्या शिकते त्याच्या साधारण उलट क्रमाने त्या जातात, म्हणजे अंघोळ सर्वांत आधी अवघड होते आणि तोंडात घास घालणे सर्वांत शेवटी सुटते. पुढे १९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली. तिच्यात फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणे, प्रवास, स्वतःची औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामे येतात. ही कामे शरीरापेक्षा डोक्याला, म्हणजे आठवण, क्रम आणि नियोजन यांना अधिक ताण देणारी असल्यामुळे ती मूलभूत क्रियांच्या बरीच आधी ढासळू लागतात. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत ६० वर्षांवरील सुमारे एक चतुर्थांश लोकांना पहिल्या यादीतील किमान एक क्रिया कठीण जात असल्याचे आणि जवळपास निम्म्यांना दुसऱ्या यादीतील किमान एक काम कठीण जात असल्याचे दिसले, त्याचा अर्थ हाच. जी कुटुंबे पहिली यादी सुटू लागण्याची वाट पाहतात, ती दुसऱ्या यादीने दिलेला इशारा वाया घालवतात, आणि हा इशारा काही वेळा दोन-तीन वर्षे आधी मिळालेला असतो.

लॉटन-ब्रॉडी यांची यादी फिलाडेल्फियातल्या घरांसाठी केलेली होती. चौल किंवा दिवेआगरच्या घरात तिची भाषा बदलावी लागते. येथे सर्वांत बोलका पुरावा कडव्या वालांचा आहे. वालाचे बिरडे करायचे तर आदल्या दिवशी वाल भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत धरून सोलायचा. म्हणजे या एका पदार्थाला उद्याचा विचार, नजर, बोटांचे कसब आणि तासभर एका जागी बसण्याची ताकद, अशा चार गोष्टी एकत्र लागतात. ज्या घरात आठवड्याला एकदा बिरडे होत असे तेथे ते वर्षभर झालेले नाही, आणि विचारल्यावर ‘आता कोण खातंय’ असे उत्तर येते, तेव्हा खाणारे कमी झाले हे खरेच असते, पण करणाऱ्या हातांविषयीही त्यात काही सांगितलेले असते. पावसाळ्याआधी घरात जिन्नस भरून ठेवण्याची, म्हणजे आगोटीची, तयारी हे असेच दुसरे माप आहे. तांदूळ, मसाला, सुकट, सुके बोंबील, जळणाची लाकडे आणि कौलांची डागडुजी यांचा मेळ मे महिन्यात घालणे हा या किनाऱ्यावरचा मोठा व्यवस्थापकीय उद्योग असतो. तो ज्या वर्षी अर्धवट राहतो त्या वर्षाची नोंद मुलांनी घ्यावी.

बाकीच्या खुणा लहान आणि विखुरलेल्या असतात. दहा गोळ्यांचे पाकीट १ तारखेला फोडले असेल आणि रोज एक गोळी असूनही २० तारखेला त्यात चार शिल्लक असतील, तर हिशेब कोणालाही करता येतो. विजेची दोन बिले न भरता कपाटावर पडलेली असणे, एकच वस्तू तीनदा आणलेली असणे, नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा हयातीचा दाखला राहून जाऊन बँकेतून पैसे येणे थांबणे, फ्रिजमध्ये बुरशी आलेली भाजी, पातेल्यांचे काळे पडलेले तळ, गॅसचा रेग्युलेटर रात्री उघडाच राहणे, देवाची पूजा दुपारपर्यंत न होणे, नेहमी परीटघडीचे धोतर नेसणाऱ्यांच्या अंगावर तोच सदरा चार दिवस दिसणे, यांपैकी एखादी गोष्ट कोणाच्याही घरात घडते. पाहायचे असते ते हे, की ही त्या माणसाची पहिल्यापासूनची सवय आहे की बदल आहे. जन्मभर अव्यवस्थित राहिलेल्या माणसाच्या घरातला पसारा काही सांगत नाही. टापटिपीच्या बाईच्या घरातला तेवढाच पसारा बरेच सांगतो. म्हणून या परीक्षेत मुलापेक्षा शेजारीण अधिक विश्वासार्ह ठरते, फक्त तिला चहा पाजून आणि वृद्धांच्या माघारी विचारावे लागते, कारण समोर ती कधीच काही बोलणार नाही.

शरीराच्या खुणांत वजनाला पहिला मान द्यावा. ठरवून न केलेली, सहा महिने ते वर्षभरातली पाच टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ६० किलोच्या माणसाची तीन किलोंहून अधिक घट, वैद्यकाच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी असते. वजनकाटा नसला तरी सैल झालेल्या बांगड्या, खाली सरकणारी कवळी आणि पट्ट्याला पाडलेले नवे भोक हे काम करतात. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जराजर्जरतेची, म्हणजे लहानशा आजारानेही कोसळावे अशा ठिसूळ अवस्थेची, जी पाच लक्षणे मांडली त्यांत वजनातली घट, सततचा थकवा, पकडीतला कमकुवतपणा, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल यांचा समावेश होता, आणि पाचांपैकी तीन आढळली तर ती अवस्था आली असे मानले जाते. चालीची परीक्षा तर घरातल्या घरात होते. वृद्ध व्यक्तीने खुर्चीतून उठून तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, नेहमीच्या वेगाने चालत जावे, वळून परत यावे आणि बसावे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. कोणी धावण्याची शर्यत समजून जोर करू नये, एवढी काळजी घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६५ वर्षांवरील लोकांपैकी साधारण तिसरा हिस्सा वर्षातून एकदा तरी पडतो, पण कोकणातल्या घराची रचना हा धोका वाढवते. जुनी घरे उंच जोत्यावर असतात, ओटीच्या पायऱ्यांना कठडा नसतो, उंबरठे उंच, माजघरात दिवसाही अंधार, मोरी दोन बोटे खाली आणि संडास बहुधा परसात, म्हणजे रात्री भर पावसात अंगण ओलांडून जायचा. जांभ्याच्या चिऱ्यांवर आषाढात शेवाळ धरते. पूर्वी वाटेवर नारळाच्या झावळ्या अंथरून पाय घसरू नये अशी सोय केली जाई. त्या अंथरायला कोणी राहिले नाही, हेही मदतीची गरज सांगणारे लक्षणच आहे. पडल्याचे वृद्ध लोक सांगत नाहीत, म्हणून कोपरावरचे आणि नडगीवरचे काळे-निळे डाग, भिंतीला धरून चालल्यामुळे एका उंचीवर मळलेला रंग, आणि अंघोळीला टाळाटाळ यांवरून ते ओळखावे लागते. अंघोळीचा कंटाळा हा बहुधा कंटाळा नसतो, ओल्या मोरीची भीती असते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर तोल जाण्याचे कारण पायांत नसून औषधाच्या मात्रेत असू शकते, आणि ते डॉक्टरांनी आडवे व उभे असा दोनदा रक्तदाब मोजल्याशिवाय सापडत नाही. येथे मदतनीस ठेवण्याआधी गोळी बदलणे अधिक उपयोगाचे.

मनाच्या बाबतीत मराठी भाषाच थोडी अडचण करते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द इतके सोयीचे आहेत, की त्यांच्या आड तीन निरनिराळे आजार बिनबोभाट लपतात. पहिला स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूच्या ऱ्हासामुळे आठवण, भाषा, वाटा आणि व्यवहार यांवर हळूहळू, महिन्या-वर्षांच्या गतीने येणारी अवकळा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना तो आहे. वर्षानुवर्षे ज्या बाजारात गेलो तेथून परतीची वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, कामाच्या बाईने दागिने चोरले असा आळ घेणे आणि दिवेलागणीला अस्वस्थ होऊन ‘मला घरी ने’ म्हणणे, तेही स्वतःच्याच घरात बसून, ही त्याची ओळखीची रूपे आहेत. दुसरा आजार संभ्रमावस्थेचा: काल व्यवस्थित असलेली व्यक्ती आज असंबद्ध बोलते, दिवस-रात्र उलटे करते, भिंतीवर माणसे पाहते. हे वयाने होत नाही. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, जे रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होते, बद्धकोष्ठ, नवे औषध किंवा काही आठवड्यांपूर्वी डोके आपटल्यामुळे कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, यांपैकी काहीतरी त्याच्या मुळाशी असते आणि त्यावर बहुधा उपाय असतो. म्हणून अशा वेळी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करण्याऐवजी रुग्णालय गाठावे. देवऋषी, नजर आणि उतारे यांत गेलेले दोन दिवस येथे महाग पडतात. तिसरे औदासीन्य, जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात विशेषतः, ज्यात माणूस विसरत नाही पण त्याला कशातच रस उरत नाही. यांखेरीज साधा बहिरेपणाही स्मृतिभ्रंशासारखा भासतो, आणि कानातला मळ काढल्यावर ‘भ्रमिष्ट’ आजोबा ठीक झाल्याची उदाहरणे कान-नाक-घसा तज्ज्ञांना नवी नाहीत.

अनेक घरांत या सर्व खुणा दिसत नाहीत, कारण कोणीतरी त्या आधीच झाकत असते. पतीचा विसरभोळेपणा पत्नी सांभाळते, त्याच्या वतीने उत्तरे देते, व्यवहार करते, आणि तिच्या अंगात दोन दिवस ताप आला की तो किती परावलंबी झाला आहे हे अचानक उघडे पडते. सत्तरीची बाई अठ्ठ्याहत्तरीच्या पुरुषाला उठवून बसवते तेव्हा त्या घरात शुश्रूषा आधीच चालू झालेली असते. प्रश्न इतकाच असतो, की ती करणाऱ्याची पाठ किती दिवस टिकेल. गावात राहिलेल्या सुनेची गोष्ट याहून कठीण. तिच्या कामाला ‘सेवा’ असे भारदस्त नाव आहे, त्यामुळे त्याचे तास कोणी मोजत नाही, आणि मुंबईचे दीर-नणंदा सणाला येऊन ‘आईंची तब्येत उतरली’ असे म्हणून जातात. रात्री तीनदा उठावे लागणे, स्वतःचे औषधपाणी चुकणे, कारण नसताना डोळ्यांत पाणी येणे किंवा म्हाताऱ्या माणसावर ओरडून मग पस्तावणे, ही सांभाळणाऱ्याची लक्षणे म्हणजेही बाहेरची मदत लागण्याचा स्पष्ट निर्देश होय. वृद्ध व्यक्तीची प्रकृती त्या महिन्यात तशीच असली तरीही.

किनाऱ्यावर या सगळ्याला पावसाळ्याचे परिमाण आहे. गेटवे ते मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो नौका पुष्कळशी उणीव भरून काढते, पण खवळलेल्या समुद्रात तिचाही भरवसा नसतो, आणि मुरूड-श्रीवर्धनकडे जाणाऱ्यांना शेवटी रस्ताच उरतो, ज्यात २०११ पासून रुंदावत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाचा वाटा आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने उरण जवळ आले, दिवेआगर नव्हे. ‘काही झाले तर चार तासांत पोहोचू’ या वाक्यावर ज्यांची सारी व्यवस्था उभी होती, त्यांची परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर आले, पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळून अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली, दूरध्वनी मुके झाले, आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे गावाकडे निघणेही सोपे नव्हते. विहिरीवरचा पंप चालत नाही, इन्सुलिन थंड ठेवता येत नाही, मोबाइल लागत नाही, अशा दिवसांत ज्या वृद्धांच्या घरात रोज पाऊल टाकणारे एक माणूस आधीपासून ठरलेले होते आणि ज्यांच्याकडे असे कोणी नव्हते, त्यांच्यातला फरक कोणत्याही प्रश्नावलीशिवाय कळून आला असणार. म्हणून मदतीची गरज ठरवताना माप जानेवारीतल्या कोरड्या, स्वच्छ दिवसाचे लावू नये. त्याच माणसाला जुलैतल्या वीज गेलेल्या रात्री एकट्याने निभावता येईल का, असा प्रश्न करावा.

गरज मान्य झाली की बहुतेक कुटुंबे एकदम चोवीस तासांच्या माणसाचा विचार करतात आणि खर्च व गैरसोय पाहून काहीच करत नाहीत. वस्तुतः मदत पायरीपायरीने वाढवता येते. दुसऱ्या यादीतली कामे सुटू लागली असतील, तर सकाळी दोन तास येऊन स्वयंपाक करणारी, गोळ्या सात खणांच्या डबीत भरून देणारी बाई आणि महिन्यातून एकदा बँक-बिलांचे पाहणारा पुतण्या एवढ्याने वर्ष-दोन वर्षे निघतात. अंघोळ आणि कपडे अवघड झाले की सकाळची पाळी लांबते. रात्री उठताना तोल जाऊ लागला की रात्रीचे माणूस लागते. आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागत असल्यामुळे, नाहीतर पाठीला व्रण पडतात म्हणून, तेथे मात्र एका माणसाने भागत नाही. जपानने एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वत्रिक विमा सुरू केला तेव्हा हीच पायऱ्यांची कल्पना राबवली: आता तेथे ७४ बाबींची पाहणी करून व्यक्तीची गरज सात स्तरांपैकी एकात बसवतात आणि तेवढी मदत मिळते. याहून जवळचे उदाहरण या किनाऱ्याच्याच माणसांचे आहे. अलिबाग, रेवदंडा, नवगाव भागातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे येथल्या ज्यू, समाजातील पेणकर, रोहेकर, दिवेकर अशा आडनावांच्या वृद्धांना तेथे १९८८ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे, अंघोळ-कपडे-जेवण यांतील परावलंबन तपासून, घरी येणाऱ्या मदतनिसाचे तास मिळू शकतात. पेणमध्येच राहिलेल्या त्याच वयाच्या माणसाला ते तास स्वतःच्या खिशातून विकत घ्यावे लागतात.

आपल्याकडच्या सरकारी योजना या खर्चाच्या कडेकडेने जातात. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही. राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात, आणि कमोड खुर्ची व मोरीतला पकडदांडा यांनी टळणाऱ्या अपघातांचा विचार करता ही रक्कम लहान समजू नये. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या स्तरावरील न्यायाधिकरणाकडे मुलांविरुद्ध दाद मागता येते, परंतु ती वेळ येते तेव्हा प्रश्न शुश्रूषेचा उरलेला नसतो. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक माहितीसाठी आणि एकट्या वृद्धांची अडचण कळवण्यासाठी उपयोगी आहे.

माणूस मिळणे ही किनाऱ्यावरची खरी अडचण. शहरात ब्युरो, म्हणजे मदतनीस पुरवणाऱ्या मध्यस्थ संस्था, बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीची माणसे देतात. गावात बहुधा ओळखीतलीच मध्यमवयीन बाई किंवा वाडीतला गडी मिळतो, ज्याला प्रशिक्षण नसले तरी घर आणि माणूस माहीत असते, आणि ही माहिती कमी मोलाची नाही. अशा मदतनिसाला उचलण्या-बसवण्याची पद्धत एखाद्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून दोन दिवसांत शिकवता येते. इंजेक्शन, नळी, जखम ही कामे मात्र प्रशिक्षित परिचारिकेचीच आणि ती ओळखीच्या बाईवर ढकलणे योग्य नाही. स्वयंपाकघरात कोणाचा हात लागावा, मासे शिजावेत की नाही, मोरीत पुरुषाला बाईने अंघोळ घालावी का, या प्रश्नांवर सोवळ्याचे आणि जातीचे जुने हिशेब निघतात, आणि सुशिक्षित मुले ते नाहीतच असे समजून चालतात, मग तिसऱ्या दिवशी मदतनीस निघून जातो. हे आधी बोललेले बरे, आणि जेथे अपमानाचा संबंध येतो तेथे वृद्धांना ठामपणे सांगितलेलेही बरे. वृद्ध व्यक्तीची संमती मिळवताना ‘तुम्हाला जमत नाही’ या वाक्याने सुरुवात केली तर ती मिळत नाही. वाडीच्या कामाला माणूस हवे, ते थोडे घरातलेही पाहील, असा प्रस्ताव अधिक सहज स्वीकारला जातो, आणि तो खोटाही नसतो.

माणूस ठरल्यावर मुलाने किंवा मुलीने पहिला आठवडा तेथे राहावे आणि ही रजा सणाची नसावी. लाँच बंद होण्याआधीचा, पण मे महिन्याच्या सुट्टीबाहेरचा एखादा आठवडा यासाठी चांगला. त्या आठवड्यात एक वही तयार होते: कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, पंपाचे बटण कुठे, आजींना चहात साखर किती आणि ती का मोजायची, आजोबा रात्री किती वाजता उठतात, त्यांच्या कोणत्या कानाशी बोलायचे, दुखण्याला कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे. शेवटची ओळ लिहिताना बहुतेक घरांत असे लक्षात येते, की ती किल्ली कित्येक वर्षे शेजारच्या घरातच आहे.